बल्लवाचार्य बाबांचं चरित्र स्वयंपाकघरातून कसं लिहावं

१९६५ नंतर अमेरिकेत आलेल्या मराठी पुरुषांपैकी बऱ्याच जणांनी भारतात असताना चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. घरात आई, आजी, काकू होत्या; मुलाने ओट्याजवळ यायचं ते पाणी प्यायला. मग चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये, विजेच्या शेगडीपुढे, ऐन थंडीत त्यांच्या स्वयंपाकाचा श्रीगणेशा झाला. म्हणून अशा बाबांचं चरित्र लिहायचं तर त्यांचे पदार्थ हा शेवटच्या पानावर टाकायचा गोड मजकूर नव्हे. कोणत्या वर्षी काय मिळत नव्हतं, त्याच्या बदली त्यांनी काय वापरलं आणि ते कुणाच्या पानात पडलं, एवढं नीट हुडकलंत तर नोकऱ्या, घरं, मैत्र्या, तंगीचे दिवस सगळं ओळीने हाती लागतं.

माझे बाबा १९७१ साली परळहून डेट्रॉईटला गेले, मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर म्हणून. ते वारल्यावर आम्ही भावंडांनी त्यांचं चरित्र याच पद्धतीने जमवलं. उदाहरणं डेट्रॉईटची आहेत. तुमचे बाबा लंडनला किंवा मस्कतला गेले असतील तर दुकानं आणि कायदे बदलतील, क्रम तोच राहील.

आवराआवरी थांबवा

दिवसकार्य झालं की मदतीला आलेली माणसं सर्वात आधी स्वयंपाकघर आवरायला घेतात. त्यांना प्रेमाने दुसरं काम द्या. कपाटं उघडी ठेवून प्रत्येक फळीचा फोटो काढा, मग फ्रीजचा, फ्रीझरचा, गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रीजचा (तो असतोच). मिसळणाचा डबा उघडून वरून फोटो घ्या. कोणत्या वाटीत काय होतं आणि किती उरलं होतं यावरून त्यांचा हात कशाकडे जास्त जायचा ते कळतं. दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरलेले मसाले टाकू नका. त्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलेली तारीख हा पुरावा आहे. आमच्याकडे एका डब्यावर ‘गोडा, पण आपला नाही’ असं लिहिलेलं निघालं. विकतचा असावा आणि पसंत पडला नसावा.

कागदांतले डाग पुसू नका. कृतींच्या वह्या आणि कार्डं लॅमिनेट तर अजिबात करू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद हळूहळू खराब होतो. प्रत्येक पान जसंच्या तसं स्कॅन करा आणि मूळ कागद आम्लविरहित पाकिटात ठेवा. तुपाचा डाग कुठल्या पानावर जास्त आहे, यावरून कोणता पदार्थ वारंवार व्हायचा हेही दिसतं.

याच आठवड्यात फोनचंही बघा. बाबांचा नंबर लगेच बंद केलात तर बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडचे कोड अडकतात, आणि व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की मिटवलं जातं. त्यांनी पाठवलेले आवाजी निरोप, भाजीचे फोटो, ‘मीठ बेताने घाल’ छापाचे संदेश घरातल्या प्रत्येकाने आपापल्या फोनवरून मीडियासकट एक्सपोर्ट करून घ्यावेत. गुगलचं खातं दोन वर्षं निष्क्रिय राहिलं तर तेही पुसलं जाऊ शकतं.

पत्ता, शेगडी, दुकान: कालपट तयार करा

मोठा कागद घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. पाच रकाने करा: साल, पत्ता, नोकरी, किराणा कुठून यायचा, आणि जेवायला सोबत कोण होतं. जन्मापासून सुरुवात करू नका. परदेशातल्या पहिल्या घरापासून करा, मग मागे आणि पुढे जा. बालपणाच्या गोष्टी नातेवाईक आपणहून सांगतात. या मधल्या वर्षांचे साक्षीदार मात्र विखुरलेले असतात.

थोडी पार्श्वभूमी माहीत असली की कोरे चौकोन पटापट भरतात. अमेरिकेच्या १९४६च्या कायद्याने तिथे स्थायिक व्हायला भारताचा कोटा होता वर्षाला अवघा १०० माणसांचा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोटे गेले आणि इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक यांना वाट मोकळी झाली. तुमचे बाबा त्यानंतरच्या दशकात आले असतील तर बहुधा याच दाराने. परकीय चलनाची टंचाई अशी की त्या काळी निघताना खिशात फक्त ८ डॉलर नेता यायचे. म्हणजे पहिल्या पगारापर्यंत कुणीतरी त्यांना जेवू घातलेलं आहे. ते कोण होतं, हा कालपटातला पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न किराण्याचा. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं १९७४ साली. डेट्रॉईटची मंडळी अधूनमधून गाडी काढून तिथवर जात, येताना डिकीत तांदूळ आणि डाळ. त्याआधी? डेट्रॉईटला लागून डिअरबॉर्न आहे, तिथे अरब वस्ती मोठी. मसूर, काबुली चणे, जिरं, धणे, चिंच त्यांच्या दुकानांत मिळायचं. बाबांच्या आमटीत कोकमाऐवजी डाळिंबाचा घट्ट आंबट पाक पडायचा तो या लेबनीज दुकानांमुळे. आम्हाला लहानपणी वाटायचं की कोकणात आमटी अशीच करतात.

आता गंमत अशी की जिन्नस ओळखता आला तर साल ओळखता येतं. ही यादी सोबत ठेवा:

- श्रीखंड सावर क्रीम आणि क्रीम चीजचं असेल तर आठवण जुनी. ग्रीक योगर्टचं असेल तर बहुधा २००७ नंतरची, कारण ते सुपरमार्केटात सर्रास दिसू लागलं तेव्हापासून.
- भारतातून आलेला ताजा हापूस आठवत असेल तर तीही २००७ किंवा नंतरची. त्याच वर्षी भारतीय आंब्यावरची अमेरिकेतली बंदी उठली. त्याआधी डब्यातला रस.
- चैत्रगौरीची आंबेडाळ हिरव्या ग्रॅनी स्मिथ सफरचंदांची, अळूवडी कॉलर्ड ग्रीन्स या रुंद पानांच्या भाजीची, चिवडा राईस क्रिस्पीजचा, गुलाबजाम बिस्क्विक (पॅनकेकचं तयार पीठ) आणि दूध पावडरचे, उपमा क्रीम ऑफ व्हीटचा: देशी दुकान लांब होतं.
- मायक्रोवेव्हमधले दूध पावडरचे पेढे: घरात मायक्रोवेव्ह आल्यानंतरचे, आणि तो कधी आला हे आईला पक्कं आठवतं.

यंत्रंही साक्ष देतात. भारतात वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत ११०-१२०ची. घरात सुमीतचा ११० व्होल्टचा मिक्सर असेल तर तो इथल्यासाठी मुद्दाम घेतलेला आहे, त्याची पावती किंवा आठवण शोधा. कुकर बहुतेकांनी सामानातून आणला; त्याच्या रबरी रिंगांसाठी देशात पाठवलेलं एखादं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

माणसांना विचारा, सर्वात वयस्कर असतील त्यांना आधी

यादीत पहिले येतात रूममेट. मग पहिल्या घराचे शेजारी, कामावरचे सहकारी, मंडळाच्या गणपतीत ज्यांनी बाबांसोबत पन्नास-शंभर माणसांची भाजी परतली ते सगळे. ‘बाबांबद्दल काहीतरी सांगा ना’ असं विचारलंत तर ‘फार दिलदार माणूस’ एवढंच मिळेल. प्रश्न छोटा आणि हातात धरता येईल असा हवा:

‘काका, तुम्ही चौघं राहत होता तेव्हा भांडी कोण घासायचं?’
‘वहिनी, आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा पानात काय होतं?’
‘बाबांचा कुठला पदार्थ तुम्ही केवळ भिडेखातर खाल्लात?’

शेवटचा प्रश्न हमखास चालतो. लोक हसतात आणि मग खरं बोलायला लागतात. बाबांच्या एका जुन्या मित्राने मला डिअरबॉर्नहून आणलेल्या ऑलिव्हची भरली भाजी कशी फसली ते सांगितलं, आणि त्या ओघात त्या महिन्यात दोघांचीही नोकरी गेली होती, हे पहिल्यांदाच कळलं.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. विमान मोडवर टाका, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा आणि चिमणी बंद करा. फ्रीजजवळ बसू नका, त्याची घरघर ऐकताना फार त्रास देते. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा, आणि हे रेकॉर्डिंग कुणाकुणाला ऐकवलं तर चालेल तेही तिथेच विचारून घ्या. तासाभराच्या पुढे ताणू नका. फोनवर बोलत असाल तर ते कणीक मळत असताना किंवा भाजी निवडत असताना फोन करा. हात कामात असले की माणसं जास्त बोलतात. बोलण्यात इंग्रजी येईल, येऊ द्या. पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या माणसाची मराठी तशीच असते.

आईचा हिस्सा

हा भाग लोक गाळतात, म्हणून वेगळा लिहिते. बाबांनी रविवारी एक प्रयोग केला की घरभर कौतुक, आणि सोमवार ते शनिवार डबे, पोळ्या, पथ्यपाणी करणारी आई त्या गोष्टीत कुठेच नाही, असं चरित्र खोटं ठरतं. बाबांच्या प्रत्येक नामांकित पदार्थाबद्दल आईला तीन गोष्टी विचारा: सामान कुणी आणलं, पूर्वतयारी कुणी केली, ओटा नंतर कुणी आवरला. आमच्याकडे ‘बाबांच्या’ अळूवडीचं सारण आई भिजवायची. बाबा पानं लाटण्याने चपटी करून वळकट्या बांधायचे आणि वाफवायचे. आम्ही आता तसंच लिहिलं आहे, दोघांच्या नावाने.

आणि आई हयात असेल तर तिला एकटीला बसवून विचारा. चारचौघांत ती त्यांची बाजू सावरून घेते.

कृती मोजून काढा

बाबांच्या वहीत ‘१ कप’ लिहिलं आहे म्हणून अमेरिकन कप धरू नका. तो २४० मिलिलिटरचा. त्यांचा कप कोणता होता ते आधी शोधा. आमच्या बाबांचा ‘कप’ म्हणजे नोकरीच्या ठिकाणी मिळालेला कॉफीचा मग होता. काठोकाठ पाणी भरून वजन केलं तर ३१० ग्रॅम, म्हणजे ३१० मिलिलिटर. सगळी वही त्या मगात आहे. तुमच्याकडची वाटी, लाडूच्या पिठाचं डावलं, वरणाची पळी हे सगळं असंच पाण्याने मोजून वहीच्या पहिल्या पानावर तक्ता करा.

ज्याला त्यांचा पदार्थ हातखंडा जमतो अशी व्यक्ती असेल तर तिला मोजमापाच्या चमच्यांनी अडवू नका. मिठाचा, तिखटाचा, साखरेचा डबा आधी वजन करून ठेवा, तिला नेहमीसारखं करू द्या आणि नंतर डबे पुन्हा वजन करा. जो फरक पडला तेवढं तिने घातलं. हाताचा वेग बिघडत नाही आणि आकडा खरा मिळतो. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा पुरे.

डब्याबंद जिनसांत एक खोच आहे. ‘१ कॅन’ म्हणजे किती, हे काळानुसार बदललंय. एकेकाळचे १६ औंसाचे अनेक डबे आज १५ किंवा १४.५ औंसाचे आहेत. जुन्या जाहिराती, कूपनं, फोटोतली लेबलं बघून घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चव कशामुळे हुकली ते कधीच कळणार नाही.

नमुना म्हणून आमचे घारगे. वहीत एवढंच आहे: ‘पंपकिन १ कॅन आटवणे. ब्राऊन शुगर पाऊण. कणीक ३. मोहन. खसखस.’ हॅलोविन सरला की डब्यातला भोपळा स्वस्त व्हायचा, म्हणून हा दिवाळीच्या आसपासचा पदार्थ. वहीतली ही ओळ आम्ही अशी उलगडली:

सध्याचा १५ औंसाचा, म्हणजे ४२५ ग्रॅमचा डबा घ्या. साधा गर हवा. मसाला आणि साखर घातलेलं पाय फिलिंग नको. पसरट कढईत मध्यम आंचेवर ढवळत निम्म्यावर आणा. उलथनं तळाशी ओढलं की वाट मोकळी राहिली पाहिजे, पाणी सुटता कामा नये. डब्यातला गर आपल्या किसून शिजवलेल्या भोपळ्यापेक्षा ओला असतो, त्यामुळे हीच पायरी घारग्यांचं भवितव्य ठरवते. गरम असतानाच २१० ग्रॅम गडद ब्राऊन शुगर आणि चिमूटभर मीठ घालून विरघळवा. ती गुळाच्या बदली. तिच्यात मळी असल्याने रंग आणि थोडी खमंग कडसर चव येते. मिश्रण गार झालं की २ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, जायफळ, आणि मावेल तशी कणीक. ३ मग म्हणजे साधारण ४८० ग्रॅम; पण सगळी एकदम ओतू नका. २४०च्या कपाने मोजलंत तर पीठ सैल राहतं आणि घारगे तेल पितात. पाणी अजिबात नको. पीठ अर्धा तास झाकून ठेवा, पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा आणि ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअसच्या तेलात तांबूस तळा.

कृतीखाली लिहा: कुणी तपासली, कधी, कुठल्या ब्रँडने. चव जुळली नाही तर तसं लिहा. ‘बाबांच्यासारखे नाहीत, त्यांचे कडेला जास्त कडक असायचे’ ही नोंद नातवंडांच्या उपयोगी पडेल.

कागद आणि फोटो

पासपोर्ट, पी फॉर्म (परदेशी जायला तेव्हा लागणारी रिझर्व्ह बँकेची परवानगी), नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पगाराच्या स्लिपा, पहिल्या घराचा भाडेकरार एका पेटीत काढा. अमेरिकेतल्या स्थलांतरितांची ए-फाइल नावाची सरकारी फाइल असते. ही पद्धत १९४४ पासूनची. मृत्यूचा पुरावा जोडून इमिग्रेशन खात्याकडे माहितीच्या कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करता येतो. तिच्यात मूळ अर्ज, फोटो, तेव्हाचा पत्ता, कधी कधी शिक्षणाचे दाखलेही सापडतात. वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी टाका आणि बाकीच्या कामाला लागा.

छापील फोटो ६०० डीपीआयवर, कागदपत्रं ३००वर, स्लाइड आणि निगेटिव्ह निदान २४००वर स्कॅन करा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमांतून फोटो ओढून काढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग दातांत फिरवायचा दोरा फोटोखाली हळूच सरकवून सोडवा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने. फाइलला नाव देताना साल-महिना-ठिकाण-माणूस हा क्रम ठेवा. कॅसेट आणि व्हीएचएस मात्र आजच डिजिटल करायला द्या, चुंबकीय फीत खराब व्हायची थांबत नाही. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

पत्रात नसलेलं

घरी पाठवलेल्या निळ्या एरोग्रामांत ‘सर्व क्षेम’ असतं. ती पत्रं कालपटाशेजारी ठेवून वाचा. १९७३च्या तेलसंकटानंतर डेट्रॉईटच्या कारखान्यांत कामगार आणि इंजिनिअर दोघांनाही घरी बसवलं गेलं. आमच्या पेटीत नेमक्या त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा नाहीत, आणि वहीत ओळीने बटाट्याच्या आणि अंड्यांच्या कृती आहेत. अंड्याची आमटी तिथलीच. पुढे ती आमच्याकडे पाहुण्यांसाठी करण्याचा खास पदार्थ झाली आणि तिचं मूळ कुणी सांगितलं नाही.

असं काही सापडलं तर काय छापायचं? माझं मत असं: पैशाची तंगी, नोकरी जाणं, एकटेपणा हे जरूर लिहा, त्याने माणूस लहान होत नाही. देशातल्या घरी न सांगता काय खाल्लं-प्यायलं हे आईला आणि त्यांच्या भावंडांना विचारून ठरवा. दुसऱ्या जिवंत माणसाची अब्रू जिथे गुंतली असेल तिथे रेकॉर्डिंग जपा, मजकूर गाळा.

लिहायला बसताना

एक पदार्थ, एक प्रकरण. दहा-बारा प्रकरणं पुरे. प्रत्येकात तपासलेली कृती, बदली जिनसाची गोष्ट, तेव्हाचा पत्ता, पंगतीतली माणसं, एक फोटो आणि कुणाच्या तरी तोंडचे शब्द जसेच्या तसे. ‘त्यांच्या हाताला चव होती’ असली वाक्यं खोडून टाका. त्या जागी त्यांनी फोडणी केव्हा बंद केली ते लिहा. नातवंडांना देवनागरी येत नसेल तर इंग्रजी आवृत्ती वेगळी करा आणि प्रत्येक कृती मराठीत वाचून तिचं ध्वनिमुद्रण जोडा.

छापताना दोन प्रकारच्या प्रती काढा: कपाटात ठेवायची चांगल्या कागदावरची, आणि ओट्यावर वापरायची स्पायरल बांधणीची, जी तेलकट झाली तरी चालेल. फिलाडेल्फियात २००८ पासून चालणारं साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह दक्षिण आशियाई कुटुंबांच्या अशा वस्तू डिजिटल रूपात जतन करतं. मूळ वस्तू आपल्याकडेच राहते. देण्याआधी घरातल्या सगळ्यांची संमती घ्या आणि सरकारी कागदांवरचे क्रमांक झाका.

पुण्यतिथीला लोकांना बोलावणार असाल तर तयार जेवण मागवू नका. आठवडाभर आधी प्रत्येक घराला एक प्रकरण आणि त्यातला बदली जिन्नस पाठवा, आणि तो पदार्थ करून आणायला सांगा. तळणाचे पदार्थ एकाच घरावर टाकू नका. वीस माणसांना भोपळ्याच्या दोन डब्यांचे घारगे पुरतात, अळूवडी मात्र दुप्पट लागते.